शेजाऱ्यांनी घडवलेली कल्पित जर्मॅनिक भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःची भाषा रचायला बसलेल्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच आहे: क्रिमियातली गॉथिक, म्हणजे प्राचीन गॉथ लोकांची जर्मॅनिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातली) बोली मेली नसती आणि आजही चालू असती, तर ती कशी झाली असती? या कल्पित भाषेला आपण ‘गुतिस्क’ म्हणू. सोळाव्या शतकात बुस्बेक या राजदूताने टिपलेले शब्द आणि जुने गॉथिक शब्द खरे आहेत आणि ते येतील तिथे तसं सांगितलं आहे. ‘गुतिस्क’ म्हणून दिलेली रूपं रचलेली आहेत.

१. कल्पित जर्मॅनिक भाषा म्हणजे जर्मन, डच, स्वीडिश यांची खिचडी का?

तसाही एक प्रकार आहे. सगळ्या जर्मॅनिक भाषकांना थोडंफार कळावं म्हणून समान शब्द गोळा करून भाषा बनवायची. इलायस मोलीची टुटोनिश (१९०२) आणि १९९५ साली सुरू झालेली फोल्क्सप्राक या त्या वाटेच्या. दुसऱ्या प्रकारात एखादी जुनी भाषा घेऊन तिला कल्पित इतिहासातून आजपर्यंत चालवत आणतात. लॅटिनवर हे चांगलं झालेलं आहे: ब्रिथेनिगमध्ये लॅटिनला वेल्शचे ध्वनिबदल लावले आहेत, वेनेदिकमध्ये पोलिशचे. हे पान दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

२. उदाहरणाला क्रिमियाच का?

कारण तिथे अर्धं काम इतिहासानेच करून ठेवलं आहे. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल गॉथिकमध्ये आणलं, त्यामुळे जुनी अवस्था हाताशी आहे. मग मोठी पोकळी. त्यानंतर १५६०-६२ च्या सुमारास ऑटोमन सुलतान सुलेमानच्या दरबारातला हाब्सबुर्ग राजदूत बुस्बेक कॉन्स्टँटिनोपलमध्ये दोन क्रिमियन माणसांना भेटतो आणि ऐंशीच्या आसपास शब्द लिहून घेतो. ते १५८९ मध्ये छापले गेले. जर्मॅनिकच्या पूर्व शाखेचा हा शेवटचा मोठा पुरावा. दोन टोकं पक्की असली की मधला प्रवास तपासून पाहता येतो. शिवाय शेजार भरगच्च: ग्रीक, इराणी वंशाचे अलान, इटलीतल्या जिनोव्हाचे व्यापारी, क्रिमियन तातार आणि पुढे रशियन.

३. सुरुवात कुठून करू? आधी गॉथिक शिकावी लागेल का?

बोलता येण्याइतकी नाही. शब्दाचं रूप ओळखता येण्याइतकी हवी. कामाचा क्रम असा ठेवा. स्वादेश या भाषाशास्त्रज्ञाची २०७ मूलभूत शब्दांची यादी घ्या. प्रत्येक शब्दासमोर गॉथिक रूप लिहा. गॉथिकमध्ये नसेल (आणि बऱ्याच घरगुती वस्तू नाहीत, कारण आपल्याकडे उरलं आहे ते मुख्यतः बायबल) तर आद्य-जर्मॅनिक पुनर्रचित रूप (सगळ्या जर्मॅनिक भाषांच्या मूळ भाषेतलं, अभ्यासकांनी तुलनेने उभं केलेलं) घ्या. जर्मन किंवा इंग्रजी शब्द उचलून त्याला गॉथिक शेपूट जोडू नका. त्या दोन्ही पश्चिम शाखेच्या आहेत, त्यांचे स्वर वेगळ्या वाटेने गेले आहेत आणि ही चूक जाणकाराला दुसऱ्या ओळीत दिसते.

मराठी वाचकाला इथे एक आयता फायदा आहे. ग्रिमचा नियम (जर्मॅनिकमधली व्यंजनं कशी ठरावीक पद्धतीने बदलली ते सांगणारा) आपल्या शब्दांवर ताडून पाहता येतो: आपल्या ‘द’च्या जागी जर्मॅनिकमध्ये ‘ट’ (दात–टूथ, दहा–टेन), ‘प’च्या जागी ‘फ’ (पितृ–फादर), ‘भ’च्या जागी ‘ब’ (भ्रातृ–ब्रदर). पण दिसणारं प्रत्येक साम्य या नात्याचं नसतं. प्रश्न १२ पाहा.

४. ध्वनिबदलाचे नियम किती लागतात?

सोळाशे वर्षांसाठी १५ ते २० नीट क्रमवार नियम पुरतात. पन्नास नियम लावले की शब्द ओळखू येत नाहीत. पाच लावले की गॉथिकच नवे कपडे घालून आल्यासारखी वाटते.

गुतिस्कचे पहिले काही नियम बुस्बेकच्या यादीतूनच मिळतात. गॉथिक ‘मेना’ (चंद्र) त्याच्याकडे ‘मीने’ आहे, ‘स्लेपान’ (झोपणे) ‘श्लीपेन’ आहे. म्हणजे दीर्घ ‘ए’चा ‘ई’ झाला. ‘स्तोल्स’चं ‘स्टूल’ आणि ‘ब्रोथार’चं ‘ब्रूडर’ पाहून दीर्घ ‘ओ’चा ‘ऊ’ झाला असंही म्हणता येतं, पण इथे जरा थांबा. बुस्बेक फ्लेमिश होता. त्याच्या स्वतःच्या भाषेत खुर्ची आणि भाऊ यांचे शब्द जवळपास असेच आहेत, तेव्हा त्याने ऐकलं काय आणि कान त्याचे काय म्हणाले, हे वेगळं काढता येत नाही. चंद्र आणि झोप यांच्या डच शब्दांत मात्र ‘आ’ आहे. तिथला ‘ई’ त्याच्या पदरचा असू शकत नाही. म्हणून ‘ए’चा नियम पक्का धरा आणि ‘ओ’चा बहुधा खरा म्हणून वापरा. यादीत छापखान्याच्या चुकाही आहेत, त्यामुळे एकाच शब्दावर नियम उभा करू नका.

१५६० नंतरचे नियम तुमचे. गुतिस्कसाठी असे दोन घेतले आहेत: साधारण १६५० मध्ये ‘इ, ए’ यांच्या आधीचा ‘क’ ‘च’ होतो, आणि १७०० पर्यंत शब्दाच्या शेवटचे आघात नसलेले स्वर गळतात. गॉथिक ‘किन्नुस’ (गाल) यातून ‘चिन’ होतो (शेवटचा ‘स’ ‘स्तोल्स’–‘स्टूल’प्रमाणे आधीच गेलेला). (हा ‘च’ ‘चहा’तला, ‘चटणी’तला नव्हे. टिपणं देवनागरीत ठेवत असाल तर दोन्ही वेगळे दाखवायची सोय आधीच करा, पुढे गोंधळ होतो.)

५. शेजाऱ्यांचे शब्द किती टक्के घालावेत?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो बाजूला ठेवायला हवा. टक्का ठरवून शब्द पेरले की भाषेवर वरून चिकटवलेला मुलामा दिसतो. विचारायचं ते हे: हा शब्द कोणत्या साली आला? प्रत्येक उसन्या शब्दाला तारीख हवी, कारण त्या तारखेनंतरचे सगळे ध्वनिबदल त्याला लागतात आणि आधीचा एकही लागत नाही.

क्रिमियन तातारमधला ‘किताप’ (पुस्तक) घ्या. १६०० मध्ये आला असेल तर प्रश्न ४ मधला ‘क’चा ‘च’ त्यालाही लागतो: ‘चिताप’. १८०० मध्ये आला तर ‘किताप’च राहतो. ग्रीक ‘केरी’ (मेणबत्ती) जुना असेल तर त्याला दोन्ही नियम लागून ‘चेर’ होतो. रशियनमधून विसाव्या शतकात आलेला ‘कीनो’ (सिनेमा) जसाच्या तसा. दोन्ही तारखा खऱ्या मानल्या तरी चालतं: गुतिस्कमध्ये ‘चिताप’ म्हणजे धर्मग्रंथ आणि ‘किताप’ म्हणजे शाळेचं पुस्तक. एकच शब्द दोनदा आला की भाषेत अशी जोडी राहते आणि वाचणाऱ्याला इतिहास न सांगता कळतो.

व्यवहारात तक्त्यात चार रकाने ठेवा: मूळ भाषा, मूळ रूप, येण्याचा काळ, आजचं रूप. ध्वनिबदल लावणारं एखादं साधं सॉफ्टवेअर वापरत असाल तर उसन्या शब्दांच्या वेगळ्या फाइल काळाप्रमाणे करा आणि प्रत्येक फाइल नियमांच्या यादीत त्या-त्या टप्प्यावर सोडा. सगळे शब्द एकाच फाइलमधून चालवले की ‘कीनो’चंही ‘चीन’ होऊन बसतं.

६. कोणत्या शेजाऱ्याकडून काय घ्यायचं?

ज्याच्याशी ज्या कामाला गाठ पडते, त्याच्याकडून त्या कामाचे शब्द येतात. अलानांशी संबंध फार जुना, त्यांचा ठसा आकड्यांत आहे (प्रश्न ११). ग्रीक चर्च, द्राक्षमळा आणि समुद्र यांत. त्यातही दोन थर, कारण ‘अंगिलुस’ (देवदूत) सारखे ग्रीक शब्द वुल्फिलाच्या गॉथिकमध्येच आले होते. जिनोव्हाच्या लोकांचं ठाणं कफा, म्हणजे आजचं फिओदोसिया. ते १४७५ मध्ये ऑटोमनांनी घेतलं, त्यामुळे जहाज आणि सौद्याचे इटालियन शब्द त्या सालाआधीचेच धरा. त्याच वर्षी क्रिमियातलंच मांगुपचं थेओदोरो हे ख्रिस्ती संस्थानही पडलं. तातार भाषा रोजच्या जगण्यात: ‘यायला’ (डोंगरावरचं कुरण), बाजार, खाणंपिणं, कारभार. १७८३ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, तिथून पुढे कचेरी, पलटण, शाळा आणि यंत्रं रशियन.

शरीराचे अवयव, सर्वनामं, ‘पाहणे-ऐकणे’ अशी क्रियापदं सगळ्यात शेवटी बदलतात. नवशिके नेमके तिथेच हौसेने तातार शब्द घालतात.

७. उसन्या नामांना लिंग आणि अनेकवचन कसं द्यायचं?

गॉथिकमध्ये तीन लिंगं, तातारमध्ये एकही नाही. बुस्बेक सांगतो की हे लोक नामाआधी ‘थो’ किंवा ‘थे’ लावतात. कोणतं कधी, हे त्याने लिहिलेलं नाही. गुतिस्कमध्ये सजीवाला ‘थे’ आणि निर्जीवाला ‘थो’ अशी वाटणी केली आहे. स्वीडिश-डॅनिशमध्येही तीनाची दोनच लिंगं उरली आहेत, त्यामुळे यात ओढूनताणून काही नाही.

अनेकवचनाचा प्रत्यय स्वतःचाच ठेवा. तातारचा ‘-लार, -लेर’ घेण्याचा मोह होतो. असं घडतच नाही असं नाही. गयानातल्या बर्बिस डच क्रिओलने अनेकवचनाचा ‘-आपु’ आफ्रिकेतल्या इजो भाषेकडून घेतला. पण ती क्रिओल, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या मिश्रणातून बनलेली भाषा होती, तिचा जन्मच वेगळ्या परिस्थितीत झाला. गावात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या भाषेला ते सहसा परवडत नाही. बुस्बेकच्या ‘ओएघेने’ (डोळे) मधला शेवट घेऊन गुतिस्कचा प्रत्यय केला आहे. तो दोन रूपांत का येतो ते प्रश्न ९ मध्ये आहे.

८. क्रियापदं उसनी घ्यायची तर त्यांना प्रत्यय कसे लावू?

लावू नका. नाम घ्या आणि पुढे ‘करणे’ जोडा. आपण ‘कबूल करणे’, ‘सुरू करणे’, ‘फोन करणे’ म्हणतो तेच. यिडिशने (युरोपातल्या ज्यूंची जर्मॅनिक भाषा) हिब्रू क्रियापदं अशीच सामावली, फक्त तिथे जोडीला ‘असणे’ येतं: ‘मोय्खल झाइन’, माफ करणे. गुतिस्कला तयार आधार आहे: बुस्बेकने ‘येस वर्थाता’ म्हणजे ‘त्याने केलं’ असं टिपलं आहे. त्याला तातार नाम जोडलं की ‘येस बाझार वर्थाता’, आणि मराठीत शब्दशः ‘त्याने बाजार केला’. रशियन थर आल्यावरही हीच रचना चालू ठेवा. एकदा दार उघडलं की सगळे त्यातूनच आत येतात.

९. नुसते शब्दच येतात, की व्याकरणही उसनं मिळतं?

मिळतं, आणि कधी शब्दांशिवायच. याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण आपल्याकडचं आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बोलल्या गेल्या. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये दाखवलं की तिथे शब्द ज्याचे त्याचे राहिले आणि वाक्याची घडण मात्र इतकी सारखी झाली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून होतं. जातीधर्माची ओळख शब्दांवर टिकून होती, म्हणून शब्द सुटले नाहीत. व्याकरणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तुमच्या भाषेचे लोक धर्माने वा वस्तीने वेगळे राहिले असतील तर कुपवाडचा नमुना वापरा: शब्द कमी उसने, रचना जास्त. गुतिस्कचे भाषक ख्रिस्ती आणि आजूबाजूला मुस्लिम तातार, म्हणून तोच लागू होतो. गुतिस्कने घेतलेल्या गोष्टी मोजक्या आहेत.

तातारसारखी स्वरसंगती (प्रत्ययाचा स्वर आधीच्या स्वराशी जुळवून घेणं) फक्त प्रत्ययांत. अनेकवचनाचा प्रत्यय ‘ए, इ’ नंतर ‘-एन’ आणि ‘आ, ऊ’ नंतर ‘-आन’: स्टेर्न (तारा) – स्टेर्नेन, हूस (घर) – हूसान, बाझार – बाझारान. धातूचे स्वर बदललेले नाहीत. धातूतही स्वरसंगती घातली तर जर्मॅनिक क्रियापदांची स्वरबदलावर चालणारी भूतकाळाची रूपं (सिंग–सँग सारखी) मोडतात आणि भाषा तिची शाखाच विसरते.

प्रश्नार्थक ‘-उ’ टिकला. गॉथिकमध्ये हो-नाहीचा प्रश्न शब्दाला ‘-उ’ जोडून होई: ‘स्कुल्दु इस्त’, म्हणजे ‘योग्य आहे का?’ तातारमध्येही ‘-मि’ असाच मागे लागतो. शेजाऱ्याकडे तशीच सोय असल्याने जुनी सोय मेली नाही. संपर्काने भाषा बदलते तशी काही बाबतींत जुनीही राहते, आणि रचणारे हे नेहमी विसरतात.

ऐकीव माहितीची रूपं. तुर्की-तातारमध्ये स्वतः न पाहिलेल्या गोष्टीसाठी ‘-मिश’ लागतं. मराठीत ‘म्हणे’ थोडं तसं काम करतं. बल्गेरियनमधली अशी रूपं तुर्कीच्या सहवासाने बळावली असं अनेक अभ्यासक मानतात. गुतिस्कमध्ये यासाठी नवा प्रत्यय आणलेला नाही, जुन्या भूतकाळवाचक कृदंतालाच हे काम दिलं आहे.

१०. जर्मनसारखे ‘य्यू’, ‘ओए’ हे गोल ओठांचे स्वर घालू का? आणि शब्दक्रम?

देशी शब्दांत नको. जर्मनमध्ये ते स्वर उमलाउटमुळे (पुढच्या अक्षरातल्या ‘इ’च्या प्रभावाने आधीचा स्वर बदलणं) आले. इंग्रजीतलं फूट–फीट त्याच बदलाचा अवशेष. गॉथिकला उमलाउट झालाच नाही. गुतिस्कमध्ये ते ऐकू येतात ते फक्त तातार शब्दांत, आणि वयस्क माणसं तिथेही साधा ‘उ’ म्हणतात.

शब्दक्रम तातारच्या काळात क्रियापद शेवटी, रशियननंतर मध्ये सरकलेला. उलटं उदाहरणही खरं आहे: तुर्की कुळातल्या कराइम आणि गागाउझ यांचं क्रियापद स्लाव्ह शेजाऱ्यांमुळे शेवटून मध्ये आलं. म्हणी आणि शपथा यांत जुना क्रम ठेवला की पुरे.

११. आकडे तर कधी बदलत नाहीत म्हणतात. मग ते का बदलले?

लहान आकडे टिकतात, मोठे नाही. बुस्बेकच्या यादीत एक ते दहा अस्सल जर्मॅनिक आहेत: इता, तुआ, त्रिआ, फिडर… थीने. पण शंभर ‘सादा’ आणि हजार ‘हाझेर’, दोन्ही इराणी. बाजारात, करात आणि सैन्यात मोठ्या संख्या शेजाऱ्याच्या भाषेत मोजल्या जात.

अकरा-बारा आणखी मजेदार. गॉथिकमध्ये ‘आइन्लिफ’, ‘त्वालिफ’ म्हणजे ‘एक उरला’, ‘दोन उरले’. इंग्रजी इलेव्हन-ट्वेल्व्ह तीच जात. बुस्बेककडे मात्र ‘थीनिता’, ‘थुनेतुआ’: दहा-एक, दहा-दोन. तुर्की ‘ऑन बिर’, ‘ऑन इकी’ हीच घडण. शब्द आपले, साचा शेजाऱ्याचा. गुतिस्कमध्ये यात आम्ही काहीच बदललेलं नाही.

१२. ‘हाझेर’ आणि मराठी ‘हजार’ सारखे आहेत. म्हणजे गॉथिक मराठीची बहीण का?

दूरची नातलग आहे, पण हा पुरावा त्याचा नव्हे. मराठीत ‘हजार’ फारसीतून आला, क्रिमियात इराणी शेजाऱ्यांकडून. दोघांनी एकाच घराण्याकडून उसना घेतला. ‘बाजार’चंही तेच. खरं नातं असेल तिथे ग्रिमच्या नियमाप्रमाणे व्यंजन बदललेलं दिसतं (प्रश्न ३). जुन्या जर्मॅनिक शब्दात आपलं ‘द’ तसंच ‘द’ दिसलं, तर आधी उसनवारीचा संशय घ्या.

१३. शेजारी नेहमी देणारेच असतात का?

नाही, आणि घेणारे शेजारी फार उपयोगी पडतात. फिनिशमधलं ‘कुनिंगास’ (राजा) हे आद्य-जर्मॅनिक रूप जवळजवळ जसंच्या तसं जपून बसलं आहे. खुद्द जर्मॅनिक भाषांत त्याची शेपटी कधीच झिजली. रशियन ‘ख्लेब’ (पाव) हा जुन्या जर्मॅनिक शब्दाचा वंशज. गॉथिक ‘ह्लाइफ्स’ त्याचा भाऊबंद. गुतिस्कमधून तातार वा ग्रीकमध्ये गेलेले दहाबारा शब्द रचा आणि त्यांत तुमच्या भाषेने पुढे गमावलेला एखादा ध्वनी ठेवा. नंतर यातला एखादा शब्द परत आला तर तो स्वतःच्याच भाषेत परका दिसेल.

१४. लिपी कोणती?

वुल्फिलाची लिपी सुंदर आहे, पण कुठल्या सरकारने ती शाळेत चालू दिली असती? क्रिमियन तातारची वाट पाहा: १९२८ पर्यंत अरबी, मग रोमन, १९३८ पासून सिरिलिक, १९९० च्या दशकात पुन्हा रोमनकडे. गुतिस्कच्या तीन पिढ्या तीन लिप्यांत वाचतात असं धरा. शुद्धलेखन जुन्या उच्चाराप्रमाणे एकदोन जागी अडकून राहू द्या. ‘चिन’ सिरिलिकमध्ये ‘किन’ लिहिणारा म्हातारा मास्तर असणारच.

१५. आजचे भाषक कुठे राहतात असं दाखवायचं?

हे टाळता येत नाही. १७७८ मध्ये ख्रिस्ती लोकांना क्रिमियातून अझोव्ह समुद्राकाठी हलवलं गेलं. मारिउपोलच्या आसपासचे ग्रीक, त्यांतले तातारसारखी भाषा बोलणारे उरुम, त्यांचेच वंशज. गुतिस्कचे लोक ख्रिस्ती असल्याने ते बहुधा यांच्याबरोबरच गेले असते. मागे राहिले असते तर १९४१ मध्ये क्रिमियातल्या जर्मनांना, मे १९४४ मध्ये तातारांना आणि त्याच उन्हाळ्यात ग्रीक, बल्गेरियन, आर्मेनियन यांना सक्तीने हाकललं गेलं. त्यातून ते सुटले नसते. मध्य आशिया निवडलात तर शब्दांचा आणखी एक थर येतो, उझबेक किंवा कझाख.

आणखी एक काळजी घ्या. नाझींनी क्रिमियाला गॉथांची भूमी ठरवून सिम्फेरोपोलला ‘गोटेनबुर्ग’ नाव द्यायचं योजलं होतं. तुमच्या कल्पित इतिहासात गॉथ हे तातारांच्या जमिनीचे ‘खरे मालक’ म्हणून आले, तर तुम्ही नकळत तीच गोष्ट पुन्हा सांगताय.

१६. निम्मी भाषा झाल्यावर एखादा ध्वनिनियम बदलायचा झाला तर?

आजची रूपं हाताने दुरुस्त करू नका. मूळ रूपं आणि नियमांची यादी हीच तुमची भाषा. आजचा शब्दकोश त्यातून दर वेळी नव्याने काढायचा. मुद्दाम ठेवलेली अनियमित रूपं (गुतिस्कमध्ये जुने नातेसंबंधाचे शब्द आणि ‘असणे’ हे क्रियापद) वेगळ्या रकान्यात कारणासह नोंदवा: इतर शब्दांच्या साधर्म्याने बदललं, बोलीतून आलं, की चर्चच्या भाषेतून टिकलं. कारण लिहिलेलं नसलेलं अनियमित रूप दोन महिन्यांनी तुम्हालाच चूक वाटतं आणि तुम्ही ते पुसून टाकता. नियम बदलल्यावर आधी उसन्या शब्दांच्या फाइल तपासा; तारखा सरकल्या की सर्वांत आधी तिथे बिघाड होतो.